रोमच्या देवळात गेलेले बूट

धनजच्या सुखदेवाचं नाव निघालं, त एक सांगतो. लढाईत आमी दोघं एकाच पलटणीत होतो. इटलीत एक दिवस सुट्टी भेटली, म्हणून रोम शहरात जुन्या रोमन लोकायचं पडकं देऊळ पाहाले गेलो. दारावरच्या म्हाताऱ्यानं आमची वर्दी पाहून अर्धंच तिकीट घेतलं. सुखदेव लय खूश.

आत नुसते खांब उभे. छप्पर नाही, मूर्ती नाही. तरी सुखदेव पायरीवर बसून बूट काढून राह्यला.

मी म्हटलं, "अबे, इथं देव कुठी हाय?"

"नसन. देऊळ त हाय ना!"

मले बंद सोडाचा कंटाळा होता, म्हणून माह्ये बूट वाचले. फिरून आलो, त त्याचे गायब!

सुखदेव म्हणे, "देव कवाचाच गेला इथून. चोर मात्र अजून टिकून हाय."

तो अनवाणीच छावणीत आला. साहेब भडकला. "नव्या बुटाचे पैसे तुह्या पगारातून कापीन!"

सुखदेवानं सलाम ठोकला.

"कापा, साहेब. पण वर्दीवाल्याले अर्धेच ना?"