बाण कुठून बाहेर पडेल

आमचं मूळ इगतपुरीच्या पलीकडच्या डोंगरातलं, आम्ही ठाकर, वाडीत दहा-बारा घरं, खाली दरी आणि दरीच्या काठाला भाताची आणि नागलीची शेतं. आता तुम्ही म्हणाल, हा डोंगरातला माणूस सिंगापूरला क्रेनवर कसा चढला, तर काय सांगू तुम्हाला ताई, चढायचं आमच्या घरातच होतं. माझे बाबा झाडावर बसून रानडुक्कर मारायचे, तिरकमठ्यानं. तेव्हा रानात तसं चालायचं, आता कोणी करत नाही, कायदा आहे आणि बरंच आहे. पण भात निसवलं, लोंब्या आल्या की डुकरं यायची, एका संध्याकाळात वर्षाचं पोट उकरून जायची, मंग माणूस काय करणार. मोठ्या आंब्यावर माळा बांधायचा, म्हणजे फांद्यांवर लाकडं टाकून बसायची जागा, आणि उजेड असेपर्यंत तिथं गप बसायचं.

आणि वरून नेम धरणं सोपं नाही हो. लोकांना वाटतं, जनावर खाली, आपण वर, सोडला की लागला. लागत नाही. सपाटीवर मारतो तसा वरून मारला तर बाण जनावराच्या वरनंच जातो. बाबा मला सांगायचे, डोळ्याला तिरकं अंतर दिसतं ते खोटं, खरं अंतर झाडाच्या बुंध्यापासून जमिनीवर चालून बघायचं, दिवसा, आणि तिथं दगड ठेवायचा. मंग वर बसलं की आधी सरळ समोर नेम धरायचा, जसं काही डुक्कर समोरच्या झाडावरच बसलंय, आणि मंग हात तसाच ठेवून कमरेतून वाकायचं. हात खाली पाडायचा नाही. हात पाडला की बाण वर गेला, असं शंभरदा सांगायचे. आणि एक सांगायचे, बाण आत कुठं जाईल ते बघू नको, बाहेर कुठून पडेल ते बघ. वरून मारलेला बाण तिरका जातो ना, आत एका जागी जातो, दुसऱ्याच जागी बाहेर पडतो. हे मी लहानपणी पाठ केलं होतं नुसतं, पाढ्यासारखं.

मी आश्रमशाळेत होतो, दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो तर घरात नवी बहीण. आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत झालेली, सोनी नाव ठेवलेलं. आणि त्या साली आंब्यावरचा माळा उंच केलेला. आईनं करायला लावला होता. शेजारच्या वाडीत बिबट्यानं शेळी नेली, तर आई म्हणाली, अजून वर बांधा, नाहीतर मी तुम्हाला जाऊ देणार नाही, माझ्या पदरात तान्हं लेकरू आहे. बाबा हसले, बायकोचं ऐकलं. तेवढंच. तेवढ्यावर आमच्या आईचा जन्म गेला ताई.

त्याच सुट्टीत एका संध्याकाळी बाबा आले ते गप. आईनं ताट वाढलं. बाबा म्हणाले, नको, बाण वर लागला, कण्यावर, डुक्कर बाण घेऊनच पळालं. आमच्यात असं आहे, जनावर दुखावून सोडायचं नाही, ते हाती लागेपर्यंत खायचं नाही, त्याच्या मागं जायचंच. आईनं ताट झाकून ठेवलं. उजाडल्यावर बाबा रक्ताचा माग काढत गेले, आणि गेले ते गेलेच. वाडी सगळी हिंडली. दरीच्या तोंडाशी एका सपाट दगडावर त्यांच्या चपला सापडल्या, नीट जोडून ठेवलेल्या, माग काढताना अनवाणीच जातात ना. चपलांच्या पुढं काहीच नाही. ना माणूस, ना तिरकमठा, ना डुक्कर.

लोक म्हणाले, बारा वर्षं झाली, आता पुतळा करून क्रियाकर्म उरका. आई म्हणाली, मला आधी सांगा, माळा उंच केला म्हणून बाण वर गेला का? मी वर बांधायला लावलं नसतं तर लागला असता का नीट? आईनं कुंकू पुसलं नाही. येईल त्याला तेच विचारायची, भगताला, मास्तराला, औषध द्यायला येणाऱ्या नर्सबाईला सुद्धा. लोक हसायला लागले, मंग हसायचे पण थांबले. मी मुंबईला गोदीत लागलो, तिथं क्रेन शिकलो, मंग इथं आलो, आणि दर फोनला आईचं तेच. जेवलास का, आणि मंग, का रे, उंचीमुळंच ना?

आता माझी साइट टॅम्पिनीसला आहे, बिल्डिंगी उठतायत, आणि मागं रानाचा तुकडा राहिलाय. तुम्हाला ठाऊक आहे का, इथं रानडुकरं आहेत. मला नव्हतं ठाऊक. पहिल्यांदा केबिनमधून बघितलं तेव्हा दिवस कलला होता, लोड टांगलेला, आणि खाली मागच्या रस्त्यावरून एक डुक्कर चाललेलं, सावकाश, मागचा पाय जरा ओढत. आणि मी काय केलं सांगू, मी डुकराकडं बघितलंच नाही, त्याच्या मागं बघितलं. कोणी येतंय का. अनवाणी. खाली सिग्नल द्यायला एक चिनी अंकल असतात, ते वॉकीवर ओरडले, ओय, व्हाय स्टॉप, वॉट यू लुकिंग लाह! मी म्हटलं, नथिंग, अंकल. पण ते डुक्कर अजून येतं आणि मी अजून मागं बघतो. मला भीती वाटते ताई, खरंच सांगतो. न दिसण्याची वाटते का दिसण्याची, ते मला कळत नाही.

आता क्रेनचं काम म्हणजे काय, दिवसभर पायांच्या मधनं खाली बघायचं. वाकून वाकून माझी पाठ गेली. औषधाच्या पट्ट्या लावतो, तात्पुरतं बरं वाटतं. मागच्या महिन्यात एक दिवस पाठीत अशी कळ आली की मला वाकताच येईना, मंग मी नुसतीच मान आणि हात खाली केला, आणि त्या क्षणाला मला सगळं दिसलं. बाबांची पाठ! त्या दिवाळीला बाबा रोज मला हाक मारायचे, पालथे पडायचे, आणि म्हणायचे, चढ, तुडव. मी भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर चालायचो. ते दात खायचे. आणि म्हणायचे, आईला बोलू नको.

म्हणजे त्यांना वाकताच येत नव्हतं! त्यांनी हात पाडला! शंभरदा मला सांगितलेलं, तेच त्यांनी केलं. उंचीचा काही संबंध नाही, माळा कितीही वर असू दे, दगड बुंध्यापासून होता तिथंच होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, एवढी वर्षं आईच्या डोक्यावर धोंडा होता, आणि तो मी उचलणार होतो. बाबांनी बोलू नको म्हटलं होतं, पण आता कुणासाठी गप राहायचं?

रविवारी व्हिडिओ कॉल लावला. आई सोनीकडं असते, फोन सोनीच धरते, आईला धरता येत नाही. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. आई, तुझा माळा नाही गं, बाबांची पाठ दुखायची, मी तुडवायचो, त्यांना वाकता येत नव्हतं. मला वाटलं, आता रडेल, मोकळी होईल.

आई म्हणाली, पाठ होय.

मंग म्हणाली, मी बाळंतपणाला अडले होते रे. सगळे गडी आवणीला लांब गेलेले, झोळी धरायला दुसरा माणूस नाही. तुझ्या बापानं मला पाठीवर घेतलं आणि सगळा घाट उतरून दवाखान्यात नेलं. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाले, बरी आहे पाठ, पिसासारखी तर आहेस तू.

सोनीनं फोन खाली घेतला. कारण अडली होती ती सोनीच्याच वेळेला ना. जिला बापाचं तोंड आठवत नाही, कधी कुणाला बाबा म्हटलं नाही, तिच्या हातात फोन होता आणि मी इथून वरून बोलत होतो. आईला पाणी आणते म्हणाली आणि फोन भिंतीला टेकवून गेली, आणि मला घराचं छप्पर दिसत राहिलं, कौलं, आणि कोंबडीचा आवाज. आत कुठं जाईल तेवढंच मी बघितलं होतं.

त्यानंतर आईनं माळ्याचं एकदाही विचारलं नाही. म्हणजे मी म्हटलं होतं तसंच झालं की! कुंकू अजून आहे. सोनीनं बाबांच्या चपला काढल्या म्हणे, पेटीत होत्या त्या, पुसल्या आणि बाहेर उंबऱ्याशी ठेवल्या. का, मी विचारलं नाही. तिचा बाप आहे तो, तिनं ठरवावं.

तुम्ही हे लिहून घेताय, घ्या. तुमचे आईवडील आहेत ना पुण्याला? असू देत, शंभर वर्षं असू देत. मी अजून त्याच साइटवर आहे, ते डुक्कर अजून येतं, आता मागं बघताना एवढंच बघतो की कोणी आलाच, तर ताठ चालतोय का वाकून. आणि रविवारी फोन लागला की आईच्या आधी सोनी बोलते आता. पूर्वी दादा, जेवलास का, म्हणायची. आता म्हणते, दादा, पाठ कशी आहे?

मी म्हणतो, बरी आहे.