सासऱ्यांनी निवडलेला अँप्लिफायर

सासऱ्यांना भेट देताना दहादा विचार करा, बाबांनो! बोटीवर नोकरीला असताना मी हौसेने चार ओहमचा मोठा स्पीकर आणला आणि वेंगुर्ल्याला तात्यांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, ओटीवर ठेवला. अँप्लिफायर मात्र त्यांनी स्वतः निवडला. नेहमीचे स्पीकर आठ ओहमचे, हा चारचा म्हणून दुकानदार मोठा घ्या म्हणत होता, तर तात्यांनी त्यालाच शिकवलं, “आठापेक्षा चार कमी. बारको पुरे!”

पहिल्याच भजनाला अँप्लिफायरमधून धूर निघाला. मी जेवत असतानाच पेद्रू मेकॅनिक आला आणि उघडून बघत म्हणाला, “तात्यानू, ओहम जितके कमी, तितकी भूक मोठी. हो स्पीकर दिसता साधो, पण खाता दोघांचा.”

तात्यांनी माझ्या ताटातल्या सुरमईच्या पाचव्या तुकडीकडे पाहिलं.

“माका वाटला, घरात तसलो एकच आसा.”