पोरीच्या बोटीवर एक दिवस

मी मूळची वर्धा जिल्ह्यातली. गावाचं नाव सांगून काही उपयोग नाही, सकाळी एक एसटी यायची अन् संध्याकाळी एक जायची, एवढंच गाव. माझं नाव सुनंदा, इथं सेंटरवर सगळे सू म्हणतात. अमेरिकेत, हूस्टनजवळच्या शुगर लँडला येऊन तीस वर्षं झाली, त्यातली बावीस मी डायलिसिस नर्स आहे. तुम्ही म्हटलं नं ताई, की बोटीच्या त्या दिवसाचं सांगा, तर सांगते, पण मधेच मी उठले तर राग धरू नका, मला एका जागी बसवत नाही. माझी माय म्हणायची, या पोट्टीच्या पायाले चाकं लावून धाडलं वाटते. आत्ताही पाहा, तुमच्याशी बोलता बोलता मी कोथिंबीर निवडायला घेतलीच की नाही?

पाण्याचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या मोहल्ल्याची विहीर वेगळी होती, मार्च लागला की तिचा तळ दिसायचा. गावात दुसरी एक मोठी विहीर होती, पायऱ्यांची, तिच्यात बाकीची पोरं उन्हाळाभर धबाधब उड्या मारायची अन् आम्ही लांबून पाहायचो, आम्हाला मनाई होती, काऊन होती ते तुम्हाला सांगायला नको. मी सात-आठ वर्षांची असेन, एक दिवस दुपारी कोणी नाही असं पाहून मी पहिल्या पायरीवरून पाय बुडवला, फक्त पाय, घोट्यापर्यंत. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. माझी माय धावत आली अन् त्या लोकांनी काही करायच्या आधी तिनंच माझ्या थोबाडीत दिली, अशी दिली की कानात शिट्टी वाजली. घरी आल्यावर मला पोटाशी धरून रडली. मला तेव्हा तिचाच राग आला होता. आता कळते, दुसऱ्याचा हात पडू नये म्हणून तिनं आपला उचलला. तेव्हापासून पाणी म्हणजे घागर, बादली अन् तांब्या, त्याच्यापुढं मी काही गेले नाही.

पण पोरीला मी शिकवलं. प्रज्ञा आमची एकुलती एक, इथंच जन्मली. पाच वर्षांची होती तेव्हा आमच्या कॉलनीच्या पूलमध्ये स्विमिंग क्लास लावला, माझ्या हट्टापायी, मिस्टर म्हणत होते थोडी मोठी होऊ दे. नाही म्हटलं, आत्ताच. आठवड्यातून तीन दिवस मी ड्राइव्ह करून न्यायची अन् ती पाण्यात गेली की मी बाकावर न बसता पार्किंगमध्ये फेऱ्या मारायची, पाहवायचं नाही मला. ती वर आली की ओले केस पुसायची अन् विचारायची, झालं? जिवंत आहेस? ती खिदळायची.

मिस्टर केमिकल इंजिनिअर होते, सहा वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले, एका सकाळी, दाढी करताना. प्रज्ञा तेव्हा हूस्टनला नोकरी करत होती, चांगली, बसून करायची, इन्शुरन्स वगैरे सगळं. दोन वर्षं आम्ही दोघी राहिलो घरात. मग ती मैत्रिणींसोबत सेंट थॉमसला गेली एका आठवड्यासाठी. तेही अमेरिकाच आहे म्हणतात, पासपोर्ट लागत नाही, पण पाहायला गेलं तर समुद्रातली बेटं. सहाव्या दिवशी फोन, आई, मी इथंच राहते. मी म्हटलं, किती दिवस? तर म्हणे, डोन्ट नो. आधी बोटीवर दोर बांधायचं, पुसायचं काम केलं, मग परीक्षेसाठी लागतात तेवढे समुद्रावरचे दिवस भरले, परीक्षा दिली अन् झाली कॅप्टन. लोकांना एका दिवसासाठी बोटीवर न्यायचं, तोंडाला काच अन् नळी लावून मासे दाखवायचे, जेवू घालायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. हे काम. आता आपल्या लोकांत काय सांगणार मी? कोणी काकूनं विचारलं की प्रज्ञा काय करते, तर मी म्हणायची, मरीनमध्ये आहे. त्यांना वाटायचं मोठं इंजिनिअरिंग असेल. वाटू दे नं बाप्पा.

चार वर्षं मी वाट पाहिली की कंटाळेल अन् येईल. घर मोठं, वरच्या तीन खोल्यांत कोणी नाही, मी शनिवारीसुद्धा जास्तीची शिफ्ट मागून घ्यायची, घरी राहून काय करू, तेच ते ओटे पुसायचे? मग गेल्या नोव्हेंबरात ती म्हणे, आई, माझ्या मालकानं एक दिवस बोट दिली आहे मला, फक्त तुझ्यासाठी, दुसरा पाहुणा कोणी नाही, ये नं. मी हो म्हटलं. पण मनात दुसरंच शिजत होतं, खरं सांगते तुम्हाला. तिच्या जुन्या ऑफिसातल्या बाईशी नोकरीचं बोलून ठेवलं होतं, तिची खोली रंगवून घेतली होती, अन् जायचं तिकीट एक काढलं, माझं, यायची मात्र दोन काढली, शेजारशेजारच्या सीट. दोन्ही प्रिंट करून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली अन् फोल्डर पर्समध्ये. दिवसभर गोडीगुलाबीनं राहायचं अन् संध्याकाळी पुढ्यात ठेवायचं, असा माझा प्लॅन.

मायामीला विमान बदलून पोचले. सकाळी धक्क्यावर गेले तर ही माझी पोरगी, उन्हानं रापलेली, अनवाणी, केस बांधलेले, अन् बाजूला एक साठीचा काळासावळा माणूस, विन्स्टन त्याचं नाव, तिथलाच, तिच्या हाताखाली काम करतो. बोट पांढरीशुभ्र, खाली दोन होड्या जोडल्यासारखी, पुढं जाळी ताणलेली. चढायच्या आधी चपला काढून टोपलीत ठेवायच्या, हा नियम. ते मला आवडलं, म्हटलं आपल्या घरासारखं आहे. विन्स्टन मला म्हणे, वेलकम, कॅप्टन्स मॉम. साठीचा माणूस तिला कॅप्टन म्हणतो! मी इकडं तिकडं पाहिलं, कोणाला म्हणतो म्हणून.

निघालो. निळं म्हणजे किती प्रकारचं निळं सांगू तुम्हाला, पण मी कुठं पाहून राहिले होते, माझं लक्ष पर्सकडं. प्रज्ञा म्हणे, पर्स आत ठेव, भिजेल. म्हटलं, राहू दे, औषधं आहेत. तिनं पर्सकडं एकदा पाहिलं. मग मी आत गेले अन् तिथली भांडी धुतली, स्वच्छच होती, तरी धुतली. फडकं घेऊन बाकडे पुसले. विन्स्टननं हातातून फडकं घेतलं, मॅडम, यू आर द गेस्ट. मी दुसरं फडकं शोधलं. प्रज्ञा वरून ओरडली, आई, जस्ट बस नं यार! मी बसले, अन् दोन मिनिटांत माझ्या तर्री पोह्यांचा डबा उघडायला उठले. तर्रीचा रस्सा मी थर्मासमध्ये नेला होता, हूस्टनच्या एअरपोर्टवर सिक्युरिटीनं तो काढून घेतला, तर नुसते कोरडे पोहे खाल्ले आम्ही तिघांनी अन् वर पोळ्या अन् लसणाची चटणी. विन्स्टननं चटणी दोनदा घेतली.

सेंट जॉन म्हणून शेजारचं बेट आहे, त्याच्या एका खाडीत बोट उभी केली. तळ दिसत होता, इतकं नितळ. खाली पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे फिरून राहिले होते. आता माझी चूक सांगते. पोळ्या उरल्या होत्या दोन. आमच्याकडं तलावावर गेलं की माशांना कणकेचे गोळे टाकतात, लहान पोरांच्या हातानं टाकवतात, अन्न वाया जात नाही अन् माशांच्या पोटात जाते. मी काय केलं, पोळ्या पाण्यात भिजवून मळल्या, छान गोळे केले अन् मागच्या पायरीवर उभी राहून टाकायला लागले. अरे, काय ते मासे! शंभर की दोनशे, पाणी नुसतं उकळल्यासारखं झालं. इतकी हसले मी, किती वर्षांनी हसले असेन. अन् मागून आवाज आला. आई. स्टॉप. हात खाली. बस.

ओरडली नाही ती, ताई. ओरडली असती तर मीही ओरडले असते. हळू आवाज, एकदम सपाट, अन् मी बसले. मला बस म्हटलं अन् मी खरंच बसले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल. ती म्हणे, हा सरकारी पार्क आहे, पाण्यासकट, इथं माशांना खाऊ घालणं बॅन आहे, माझं लायसन्स जाऊ शकते, अन् मासे माणसांकडं खायला मागायला शिकतात, मग पोहणाऱ्यांना चावतात, पोरांची बोटं चावतात. माय बोट, आई. माझ्या बोटीवर माझं ऐकायचं. विन्स्टननं तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं, अपमान वाटला, दोन घासांसाठी पोटच्या पोरीनं असं बोलावं! हातात गोळा तसाच. पण बसल्या बसल्या मला वाटलं, हा आवाज मी कुठंतरी ऐकला आहे. अन् मग आठवलं, हा तर माझाच. पेशंटच्या हातात सुई असते, चार तास हात हलवायचा नाही, कोणी उठायला लागला की मी असंच म्हणते, हळू अन् सपाट, अन् मोठेमोठे बाप्ये गपगुमान पडून राहतात. माझ्या पोरीला ते येते, अन् मला माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं तीच जवळ येऊन बसली. म्हणे, सॉरी. मी म्हटलं, सॉरी नको, बरोबर होतं तुझं. मग म्हणे, पाण्यात येते? मी नाहीच म्हणणार होते, पण तोंडातून हो निघालं, कसं काय निघालं कोण जाणे. विन्स्टन बोटीवर थांबला, तिनं मला तरंगायचं जॅकेट चढवलं, काच लावली, शिडीनं उतरवलं. पहिल्या पायरीला पाय भिजला घोट्यापर्यंत, अन् मी थांबले. कानात ती शिट्टी वाजली, खोटं नाही सांगत. प्रज्ञाला मी विहिरीचं कधी सांगितलं नव्हतं. तिथं शिडीला धरून सांगितलं, सगळं, मायच्या थोबाडीतीसकट. ती पाण्यात होती, माझा पाय तिनं हातात धरून ठेवला होता. मग म्हणे, कम, आई. इथं कोणी ओरडणार नाही.

उतरले अन् काय हातपाय मारले मी! तोंडात खारं पाणी, नळीत पाणी, तिच्या गळ्यातच पडले. तिनं काच काढली, मला उताणं केलं अन् पाठीखाली हात लावला. मी लागले पुन्हा झटापट करायला. तर म्हणे, आई, तू पेशंटला काय सांगते? मी म्हटलं, हलू नका. ती म्हणे, मग तेच, अन् चार तास नाही, फक्त चार मिनिटं. हलू नको. अन् मी पडून राहिले. कान पाण्यात, वर नुसतं आभाळ, आवाज फक्त माझ्या श्वासाचा. काहीच करत नव्हते मी, अन् बुडत नव्हते. रडायला आलं. म्हटलं, हिला पाण्यात टाकलं कोणी? मीच नं? तीन-तीन दिवस ड्राइव्ह करून नेलं ते मीच. अन् आता मीच तिला बाहेर काढायला आले, पर्समध्ये फोल्डर घेऊन.

परत येताना ती बोट वळवायच्या चाकाशी उभी होती, मी बाजूला. पर्स उघडली. फोल्डर काढला नाही तोच ती म्हणे, मला माहीत आहे. मी म्हटलं, काय? म्हणे, तू बुकिंगमध्ये ई-मेल माझा टाकला. एअरलाइननं मला पाठवलं तिकीट, तीन आठवडे झाले. अरे देवा! वर्षानुवर्षं सगळी तिकिटं तीच काढायची नं आमची, मला तोच पाठ, हातानं आपोआप तोच टाकला. म्हटलं, मग बोलली काऊन नाही? म्हणे, तू येऊन राहिली होती. बोलले असते तर तू आली नसती. सकाळपासून वाट पाहून राहिले, कधी विचारते म्हणून.

मग विचारलंच मी. येतेस का? ती समोर पाहत होती, दोन बोटींच्या मधून नेत होती आमची. म्हणे, नाही, आई. अन् थोड्या वेळानं म्हणे, घरी तुला एकटं वाटते का? एवढं सरळ कोणी विचारलं नव्हतं मला, मिस्टर गेल्यापासून. लोकांना मी ठणठणीत दिसते, कामात दिसते. म्हटलं, हो. खूप वाटते. तिनं एक हात माझ्या खांद्यावर टाकला, दुसरा चाकावर. बोट मात्र सरळ नेली, बरं का, धक्क्याला अशी लावली की जराही धक्का बसला नाही.

विमानात माझ्या बाजूची सीट रिकामी. मागचा एक उंच माणूस म्हणे, इथं बसू का, पायाला जागा मिळेल. मी म्हटलं, नाही, ती माझ्या मुलीची आहे. तो म्हणे, ती कुठं आहे? मी म्हटलं, कामावर. कॅप्टन आहे ती. पहिल्यांदाच म्हटलं कोणासमोर. मग बिचाऱ्याला म्हटलं, बसा, बसा, ती काही येत नाही. मायामीपर्यंत त्याला तिचंच सांगितलं.

आता शनिवारची शिफ्ट सोडली मी. कॉलनीच्या त्याच पूलमध्ये जाते, तिथली लाइफगार्ड पोरगी पाहत असते, मी उताणी पडून राहते अन् मोजते. आधी पाचपर्यंत जायची, आता चाळीसला पोचले. प्रज्ञाला फोन करून सांगितलं, तर म्हणे, आई, मोजू नको, फक्त पड. म्हटलं, तेवढं राहू दे, सगळंच एकदम सुटत नाही माणसाला. घर रिकामंच आहे, वरच्या खोलीचा रंग तसाच नवा, कोणी वापरत नाही. जिथं आहे तिथं सुखी राहो पोट्टी, पाणी तिला सांभाळो, ती पाण्याला सांभाळून राहिलीच आहे. येत्या मार्चात जाऊन राहिले मी परत. या वेळी यायचं तिकीट एकच काढलं, माझं. ई-मेल मात्र तिचाच टाकला, मुद्दाम.