घरात रेंज येणारं सिम

औशाच्या मोबाईल दुकानात माझ्यापुढं एक सासू आणि तिची सून रांगेत होत्या. मोठ्यानं बोलत होत्या, मग मी कान कशाला झाकू?

"दादा, हिच्या सिमची कंपनी बदला. नंबर ह्योच ऱ्हाऊ द्या. घरात रेंज आली पायजे."

"सिम तुमच्या नावावर हाय, आजी. अंगठा तुमचाच लागंल."

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. तीन सालात वर माळवदावर चढून बोलायची सवय झाली मला."

"गप, गीतांजली. लग्नात सिम मीच निवडलं. घरात रेंज न्हाई हे ठाऊक असून घेतलं. म्हनलं, माहेरचे फोन कमी येतील, पोरगी लवकर रमंल."

"मला म्हाईत व्हतं."

"मग भांडली का न्हाईस? तोंड न्हवतं का तुला?"

"नवी सून व्हते."

"त्या दिवशी तुझ्या आईनं..."

"नऊ येळा फोन लावला. सांजच्याला माळवदावर गेले तवा कळलं. तवर आई गेली व्हती."

"म्हनून तर आले आज. आता खुशाल चुलीपाशी बसून बोल."

"कोनाशी बोलू, आत्याबाई?"

"आजी, अंगठा पुसून घ्या. ओला हाय, मशीन घेईना."