लिस्बनला पाणी किती वाजता येतं?

अरे, आमच्या लिस्बनचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून युरोपला जायचं ठरलं आणि मी महिनाभर मोबाईलला डोळे लावून बसलो. शेवटी एका रविवारी विमान आणि हॉटेल मिळून असं स्वस्त पॅकेज सापडलं, की मला वाटलं, एखादं शून्य टाइप करायचं राहिलंय. ऑफर फक्त संध्याकाळपर्यंत.

मी कार्ड काढलं. वैशालीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ते हातातून काढून घेतलं.

"थांबा. एवढं स्वस्त कसं? पाण्याचा प्रॉब्लेम असणार."

"अगं, युरोप आहे ते!"

"असू दे. आधी विचारा."

इकडे ऑफर संपत चाललेली, तिकडे कार्ड हिच्या मुठीत. करतो काय? हॉटेलला मेसेज टाकला, 'पाणी किती वाजता येतं?'

बऱ्याच वेळाने रिसेप्शनवरच्या बाईचं उत्तर आलं, 'कोणतं पाणी?'

"बघा!" वैशाली म्हणाली. "आपल्या आचोळ्याच्या सोसायटीसारखंच. पिण्याचं वेगळं, बोअरचं वेगळं. टँकरचंही विचारून घ्या."

तेही विचारलं. बिचारीने सविस्तर लिहिलं, 'सर, आमच्याकडे सगळ्या मजल्यांवर चोवीस तास पाणी असतं. टँकर कधीच लागत नाही.'

मी ऐटीत मोबाईल हिच्यापुढे धरला. हिने शांतपणे वाचलं आणि कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं.

"आपला बिल्डरही अगदी हेच म्हणाला होता."