दिसतं तेवढंच

ठाण्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे मला कळतं, पण उठून जायलाही संकोच वाटला. आजोबांनी मोबाइलवर डिटेक्टिव्ह सिनेमा लावला होता.

“उत्तरा, सुरुवातीलाच खून आहे बघ. पुतण्यानं केलाय.”

“अहो, पहिल्याच मिनिटाला खुनी सांगून टाकलात?”

“मला माहितीये म्हणून सांगितलं.”

“माहितीये ते नको. माझी नजर आता परत येणार नाही, डॉक्टरांनी आत्ताच सांगितलं ना? मग दिसतंय तेवढंच सांगायला शिका. पुन्हा लावा.”

“बरं. खोली आहे. माणूस नाही. टेबलावर चहाचे दोन कप.”

“भरलेले?”

“एक रिकामा. दुसऱ्यातून वाफ येतेय. खुर्ची आडवी पडलीये.”

“दुसरा माणूस कुठे गेला मग?”

“दिसत नाही गं. थांब… पडद्याखाली बूट आहेत.”

“अगंबाई! हलतायत?”

“एक हलला! हात सोड, नखं लागतायत.”

“अहो, हा सिनेमा मी कॉलेजात असताना बघितलाय.”

“मग मला कशाला सांगायला लावलंस?”

“तुम्हाला जमतंय का बघत होते. जमेल. आता मी न बघितलेला लावा.”