वैद्यबुवांची गाठ

— हं, आता मान सरळ ठेव. आणि बोलू नकोस, महिपत — बोललास की गळ्याची घाटी हलते, आणि घाटी हलली की गाठ माझ्या बोटाखालनं निसटते. विचारीन त्याला नुसते डोळे मिट. एकदा मिटलेस की हो. कळलं? हं. ही एक, जबड्याखालची, सुपारीएवढी. ही दुसरी, चिंचोक्याएवढी. आणि ही तिसरी, खाली, खांद्याच्या हाडामागे — ही तुला ठाऊक होती? नव्हती ना? आता झाली. दाबल्यावर दुखते? नाही? बघ, कसा चेहरा खुलला! दुखत नाही म्हणजे काही नाही, असंच वाटतं माणसाला. मलाही तसंच वाटलं होतं — म्हणजे, सगळ्यांनाच वाटतं, असं म्हणतोय मी.

मालगुंडाहून खाड्या ओलांडून आलास, म्हणजे नाव ऐकूनच आला असशील. नरहरी वैद्याचा गाठीवरचा लेप — कांचनाची साल, तांदळाच्या धुवणात उगाळलेली — आजोबांपासून चालत आलाय आमच्यात, रत्नागिरीत कुणालाही विचार. ती नेवऱ्याची कमळा, तुमच्याच बाजूची, तिची गाठ दीड महिन्यात निम्मी झाली. निम्मी! मी बोलावून बोलावून दाखवली लोकांना. इथंच बसायची, तू बसलायस त्याच पाटावर. — हं? माझ्या गळ्याला काय? गळपट्टा आहे. पडसं झालंय. वैशाखात होत नाही काय पडसं? होतं. मला फाल्गुनापासून आहे. आता तर रोगी येतात नि औषधाची पुडी घेता घेता मलाच औषध सांगून जातात — बुवा, सुंठ घ्या, बुवा, गवती चहा घ्या. शेजारची काशी तर परवा म्हणाली, स्वतःचंच औषध घेता काय हो, म्हणून बरं वाटत नाही? हसलो. पाच-सहा माणसं होती ओटीवर, तीही हसली.

असा काय बघतोयस? बघू नकोस असा. — बरं, बघ. तू मुंबईला परळच्या गिरणीतला माणूस, सुट्टीवर गावी आलेला, दोन दिवसांनी बोटीत बसणार, तू कुणाला सांगायला जातोस? थांब, हे सोडतो. हात लावू नकोस, जखम भरलेली नाही अजून. बघितलंस? तुझ्या जागीच. डावीकडे. आणि काखेत दोन आहेत, त्या नाही दाखवत, तेवढी ओळख नाही आपली.

पौषात, संध्येला बसलो होतो, गळ्याला गंध लावताना बोट थांबलं. वाटाण्याएवढी होती. म्हटलं, असेल. मग काय करतो वैद्य? स्वतःची नाडी बघतो. तू स्वतःची नाडी बघितलीयस कधी? फार सभ्य असते. आपण जे विचारू त्याला हो म्हणते. सोमवारी मी ती गाठ वाताची ठरवली, गुरुवारी कफाची, पुढच्या आठवड्यात गंडमाळ. लेप लावला, काढे प्यालो, पथ्य केलं — आणि पोथीत जिथं अर्बुद लिहिलंय, अर्बुद म्हणजे जे उतरत नाही ते, तिथली दोन पानं एकमेकांना चिकटलीयत असं धरून पुढं गेलो. चिकटलेली नव्हती रे. फाल्गुनात काखेत आली. संध्याकाळचा कणकण ताप. धोतराला एक निरी जास्त पडायला लागली. ही विचारायला लागली, उतरल्यासारखं का दिसतंय? मी म्हटलं, उन्हाळा.

मग गेलो. कुठं म्हणजे? त्याच्याकडे. बाजारातल्या त्या नव्या डॉक्टरकडे — ज्याला मी चारचौघांत सुईवाला म्हणतो. भर दुपारी गेलो, आळी झोपलेली बघून, छत्री तोंडावर धरून. आत जाऊन बघतो तर बाकावर तिघं बसलेले, आणि तिघंही माझे रोगी! एकानं तर सकाळीच माझ्याकडून चूर्ण नेलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग चौघंही जमिनीकडे बघत बसलो. अजून भेटतात रस्त्यात, नमस्कार करतात — पूर्वीपेक्षा जास्तच वाकून.

डॉक्टर पोरगेला आहे, पण मर्यादशील हो. गळा बघितला, काखा बघितल्या, पोट दाबलं, आणि म्हणाला, वैद्यबुवा, तुम्हाला काय वाटतं? मला काय वाटतं! पस्तीस वर्षं लोकांना मला काय वाटतं ते सांगतोय, आणि तिथं मला काही वाटेना. म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणतो, बोटांनी कुणालाच कळायचं नाही — मलाही नाही नि तुम्हालाही नाही. काप घेऊन भिंगाखाली धरायला हवा. आणि ते भिंग मुंबईत. सुई टोचली, मान बधिर केली, आणि एक गाठ काढून बाटलीत घातली. मी बघितली. एवढीशी. चार महिने माझी झोप खाल्ली ती, आणि बाटलीत बघावं तर कोकमाची बी!

आता गंमत बघ. माझी गाठ बाटलीत बसून मुंबईला गेली. आणि तू, त्या भिंगापासून हाकेच्या अंतरावर राहणारा, अख्खी मान घेऊन बोटीनं इकडं आलास! वाटेत दोन बोटी शेजारून गेल्या असतील — गाठींची गाठ पडली असेल समुद्रात! हस की. आता हसायला हरकत नाही, मान सोडलीय मी.

तीन आठवडे झाले त्याला. तीन आठवडे काय करतो माणूस? काही नाही. खल करतो. बोटीचा भोंगा वाजला की बत्ता थांबतो. ही विचारते, एवढं काय यायचंय बोटीनं? मी म्हणतो, पिंपळी मागवलीय. तीन आठवडे पिंपळी येतेय! सकाळी उठलो की आधी बोट गळ्याला — उरल्यात त्यांतली कुठली वाढली, कुठली तशीच. जप करायला बसलो की एकशे आठ होत नाहीत, मधेच हात वर जातो. देवाकडे मागितलं काय ठाऊकाय? गंडमाळ. खरंच! लोक गंडमाळ जावी म्हणून नवस बोलतात, मी ती असू दे म्हणून बोललो. तिच्यावर काहीतरी करता तरी येतं. कमळेच्या वेळी मी म्हणत होतो ना, गंडमाळच आहे, गंडमाळच आहे —

— काय? बरी आहे ना, विचारतोस? कोण, कमळा?

लेपानं वरची सूज उतरली होती, महिपत. ते खोटं नाही सांगितलं मी तुला. निम्मी झाली होती. मग गेल्या आषाढात यायची थांबली. मला वाटलं, बरी झाली, कशाला येईल? मी तसं सांगतही होतो लोकांना. श्रावणात तिची सासू आली, पदरात चार काकड्या घेऊन. माझ्यापुढं ठेवल्यान् नि म्हणाली, शेवटपर्यंत तुमचाच लेप लावला हो, बुवा, एक दिवस चुकला नाय. — मला शिव्या दिल्या असत्यान् तर बरं झालं असतं. आभार मानत होती बाई. बावीस वर्षांची होती कमळा. तेव्हा मी काय केलं असेल? काकड्या घेतल्या. आणि दुसऱ्या दिवशी खोपी गावचा एक गडी आला गाठ घेऊन, त्याला कमळेचीच गोष्ट सांगितली, निम्म्यापर्यंत. आज तुलाही तेवढीच सांगितली की.

नको, हात पुढं करू नकोस. लेप नाही देत मी तुला. रागावू नकोस रे. तुझी साधी असेल, दाढ किडली तरी येते गाठ, गिरणीतल्या कोंदट हवेनं येते. पण असेल असं मी म्हणणार नाही — ते म्हणायचं भिंगानं. लेप दिला तर सूज उतरेल, तू खूश होशील, मी खूश होईन, तेवढ्यात पाऊस लागेल नि बोटी बंद होतील, नि तू गणपतीपर्यंत मालगुंडात माझं नाव घेत बसशील. परवाची कशाला, उद्याचीच बोट घे. उतरलास की घरी न जाता मोठ्या इस्पितळात जा नि मान दाखव. कुणी पाठवलं विचारलं तर सांग, रत्नागिरीच्या — नको, नाव नको सांगूस, हसतील. — सांग. नरहरी वैद्यानं पाठवलं म्हणून सांग. हसू देत.

माझं काय? आलंय की माझं उत्तर. सकाळीच गंगाराम येऊन गेला, डॉक्टरचा कंपाउंडर. म्हणाला, चार वाजता बोलावलंय. काय आलंय रे, विचारलं, तर म्हणे ते डॉक्टरच सांगतील. आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणतो, घरातलं कुणी बरोबर आणा. — ते वाक्य आमचं आहे, महिपत. सर्दी-खोकल्याला नाही वापरत आम्ही ते. आता, पथ्य सांगायचं असेल म्हणा. पथ्य बाईमाणसालाच सांगावं लागतं. माशाचं तेल वगैरे देतात म्हणे हे लोक, ब्राह्मणाच्या घरात तिला विचारल्याशिवाय कसं येणार? त्याच्यासाठीच असेल. — नाही रे. मी हे वाक्य कधी, कुणाला, कुठल्या आवाजात सांगितलंय, सगळं आठवतंय मला. गंगारामाचा आवाज तोच होता.

ऊठ आता. आणलायस तो नारळ ने परत, पोरांना होतील. आत ही — सावित्री — तांदूळ निवडत्येय, चारच्या आत तिला सगळं सांगायला हवं, आणि सकाळपासून मी ओटीवरून हललेलो नाही. तू बसलास तर मी तुझ्याशीच बोलत बसेन. जा.